व्याह्यांच्या अडीच बादल्या

नाहूरपासून चेंबूरपर्यंतच्या सगळ्या गाड्या मिळून जेवढ्या धुतल्या गेल्या नसतील, तेवढी आमच्या व्याह्यांची एकटी गाडी धुतली गेली आहे. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. हे माझ्या सुनेचे वडील. मुलगी एकुलती एक, म्हणून बायको गेल्यावर ते आमच्याच सोसायटीत, आमच्याच विंगमध्ये तळमजल्यावर भाड्यानं राहायला आले. मी वर, पहिल्या मजल्यावर. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहिले की खाली पाण्याच्या टाकीजवळ त्या चंदेरी गाडीची आंघोळ सुरू झालेली असायची. माझ्या मुलाला मी लहानपणी सणासुदीला तेल-उटणं लावून घातली नसेल अशी आंघोळ. मुलगा ते मान्य करतो, त्यामुळे वाद नाही.

पाणी अडीच बादल्या, थेंबभर जास्त नाही. एक बादली साबणाची, एक फडकं खळबळायची, आणि अर्धी शेवटच्या हातासाठी. ही अर्धी बादली म्हणजे त्यांचा खरा खजिना. तिच्यात एसीतून ठिबकणारं पाणी असे. त्या पाण्याचे डाग पडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी विंगमधल्या ज्या ज्या घराचा एसी बाहेर ठिबकतो त्या त्या पाइपाखाली तेलाचे रिकामे डबे टांगून ठेवले होते आणि रोज संध्याकाळी दूधवाल्यासारखे ते गोळा करत फिरत. धुवायचं वरून खाली. उन्हात धुवायचं नाही. बाहेरून रविवारी, आतून बुधवारी, आणि या वारांत जगबुडी झाली तरी अदलाबदल नाही. जाळीसाठी दातांचा ब्रश, एसीच्या फटींसाठी कान कोरायच्या काड्या. सगळं झालं की उजव्या हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून ते गाडीच्या अंगावरून सावकाश हात फिरवत. पिशवीतून म्हणे बारीकातली बारीक खरखर बोटांना कळते. ते डोळे मिटून असा हात फिरवायला लागले की मी उगीचच गॅलरीतले कपडे वाळत घालायला लागायची. वयानं आम्ही दोघंही सत्तरीपार, पण ते दृश्य चारचौघांत बघण्यासारखं नव्हतं.

ही सवय गिरणीतली. तरुणपणी ते गिरणीत तयार कापड तपासत. समोरून ताग्यांमागून तागे सरकायचे आणि त्यात कुठे धागा तुटलाय, कुठे डाग पडलाय ते पकडायचं. "विहीणबाई, माझ्या डोळ्यांनी पगार मिळवलाय," असं ते सांगत. गिरणी बंद पडली, पुढची वीस वर्षं कुठल्या कुठल्या गोदामात हिशेबाच्या वह्या सांभाळण्यात गेली, पण नजर कापड तपासणाऱ्याचीच राहिली. माझ्या साडीच्या निऱ्यांवरचा आमटीचा थेंब त्यांना खालून दिसायचा. आणि ते सांगायचे. मोठ्यानं.

आमची पहिली लढाईही याच गाडीवरून झाली. लग्नाच्या दिवशी वरमाय म्हणून मी पैठणी नेसून, नाकात नथ घालून, मान इंचभरही न वळवता त्यांच्या गाडीपाशी गेले. दार उघडलं तर सीटवर वर्तमानपत्र अंथरलेलं! वर मागे डोकं टेकायच्या जागी टॉवेल, कारण माझ्या केसांना तेल होतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "वरमाईला रद्दीवर बसवताय? मी चालत येते." आणि खरंच निघाले. तेव्हा मी स्वतःला कोण समजत होते कोण जाणे. नाकातली नथ आणि डोक्यातली हवा यांत जड काय होतं ते आज सांगता येणार नाही. चाळीस पावलांवर चप्पल चावायला लागली आणि मी मुकाट्यानं परत येऊन त्या वर्तमानपत्रावर बसले. व्याह्यांनी काच खाली केली आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "पाय आत घेण्याआधी चपला झटकाल का जरा?"

त्यांची बायको गेली तो दिवसही मी विसरलेले नाही. स्मशानातून सगळे परतले, एकेकानं आंघोळी उरकल्या, आणि हे गृहस्थ ओल्या पंचावर खाली जाऊन गाडी धुवायला बसले. लोक कुजबुजले. मी तर कुजबुजण्यात आघाडीवर होते. "बायकोपेक्षा गाडीचं सुतक जास्त दिसतंय," हे वाक्य माझंच. फार हुशारीचं वाटलं होतं मला ते. मागून सुनेनं सांगितलं की हॉस्पिटलात शेवटचं नेताना तिच्या आईला गाडीत उलटी झाली होती आणि ती माउली वाटभर म्हणत होती, "अहो, तुमची सीट खराब झाली हो." ते त्या दिवशी काय धूत होते ते मला तेव्हा कळलं. त्यानंतर त्या वाक्याची आठवण झाली की मी मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारते. हळूच, कारण कवळी आहे.

पण शहाणपण मला एकदा शिकून पुरत नाही. गेल्या वर्षी व्याही बदलले. जिन्यात मी शेजारून गेले तरी बघायचे नाहीत, बोलायचे नाहीत. मी म्हटलं, गर्व झालाय. मग मीही बोलणं तोडलं आणि त्यांना ते तोडलंय हे कळावं म्हणून मुद्दाम पैंजणवाल्या घोडीसारखी पाय आपटत जायला लागले. व्याही चहा कपाबाहेर ओतू लागले. मी म्हटलं, लक्ष नाही. एकदा अबोला असूनही सुनेच्या आग्रहाखातर ते मला बहिणीकडे चेंबूरला सोडायला निघाले असताना डावीकडून हातगाडी आली आणि मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. मी ती गोष्ट पुढे महिनाभर नकला करून सांगितली. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि दर शनिवारी हाच माणूस आमच्या अकरा वर्षांच्या नातीला स्वतः गाडी चालवत मुलुंडला पोहायच्या क्लासला नेत होता. तिला सोडायचं, तासभर काचेबाहेर बसून बघायचं, येताना दोघांनी उसाचा रस प्यायचा. आठवड्यातला तो एवढाच वेळ ते गाडी सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलत.

मग तो रविवार आला. इमारतीचं रंगकाम सुरू झालं होतं आणि परांच्या बांधायच्या म्हणून शनिवारी संध्याकाळी माझ्या मुलानं व्याह्यांची गाडी मागच्या गेटपाशी नेऊन लावली. सांगायला विसरला. टाकीजवळची जागा रिकामी झाली म्हणून सकाळी रंगारी यायच्या आधी तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची गाडी आली. तीही चंदेरी, त्याच बनावटीची. बाकी साम्य काही नाही. बाईंची गाडी म्हणजे चार चाकांवर ठेवलेली धूळ. व्याही बादल्या घेऊन आले आणि कामाला लागले. मी वरून पाहत होते आणि मला वाटलं, चला, म्हातारबाबांनी आज समाजसेवा काढली. मागच्या काचेवर बाईंच्या शाळेचं स्टिकर होतं. ते त्यांनी पुटपुटत नखानं खरवडून काढलं. तरी मला काही कळलं नाही. दोन तास त्यांनी ती गाडी घासली, पुसली, पॉलिश लावलं. मग पिशवी हातात चढवली, हात फिरवत दारापाशी आले आणि थबकले.

"वॉचमन! ए वॉचमन! इकडे ये. हे कोणी केलं?"

त्यांच्या बोटांना ओरखडा लागला होता. पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत लांबच लांब. बाईंनी दोन वर्षांपूर्वी गेटला घासून काढलेला, सोसायटीत सगळ्यांच्या परिचयाचा.

"माझ्या गाडीला हात लावायची कोणाची हिंमत झाली? इतक्या वर्षांत एक रेघ नव्हती तिच्यावर!" त्यांचा आवाज फाटला होता. रंगारी परांचीवरून वाकून बघायला लागले. चारपाच जण जमले. त्यांत पिशवी हातात धरून शिक्षिकाबाईही होत्या.

"काका," त्या चाचरत म्हणाल्या, "अहो तो ओरखडा माझाच आहे. म्हणजे... ही माझी गाडी आहे ना."

कोणीतरी फिसकन हसलं. व्याह्यांचा हात तसाच दारावर राहिला. मग त्यांनी मान ताठ केली.

"माहीत आहे मला. तुमची आहे म्हणूनच धुतली. बघवत नव्हती. आणि शिकवताना पोरांना विचारता ना, कोणी केलं? मी तुम्हाला विचारलं. लाज वाटली पाहिजे."

सगळे खो खो हसले. बाईंनी हात जोडले, "काका, कमाल आहे तुमची!" कोणी टाळ्या वाजवल्या. काय झकास सावरलं! लोक पांगले. मी मात्र गॅलरीतच उभी होते. व्याही बादली उचलायला वाकले. बादली त्यांच्या पायाशी, डाव्या बाजूला होती. त्यांचा हात हवेत एकदा फिरला, दोनदा फिरला, तिसऱ्यांदा कडीला लागला.

मी पोह्यांची बशी घेऊन खाली त्यांच्या घरी गेले. ते खुर्चीत बसले होते. "या विहीणबाई," म्हणाले, आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले. मी त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले आणि जीभ बाहेर काढून दाखवली. बहात्तर वर्षांच्या बाईनं. ते लिंबू पिळत राहिले. मग डाव्या बाजूला जाऊन कानाला अंगठे लावून बोटं हलवली. त्यांनी शांतपणे बी काढून बाजूला ठेवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मी आत्ता तुम्हाला दोन्ही बाजूंनी वेडावून दाखवलं."

बशी टेबलावर गेली.  मग ते उठले, फ्रिज उघडला आणि लोणच्याच्या बरणीमागून थेंबांची बाटली काढून दाखवली. काचबिंदू. दीड वर्ष झालं होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरली आहे ती सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. किती उरली, विचारलं तर त्यांनी मूठ पोकळ करून डोळ्याला लावली. "एवढी. तीपण धुक्यातली."

"आणि शनिवारी पोरीला घेऊन जाता?"

"हळू चालवतो मी. रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ असेल हो. रस्त्यावरची माणसं पाठ आहेत का?"

चिडले किंवा मोडले की ते मालवणीत जात. त्या दिवशी कशानं गेले ते मला ठरवता आलं नाही. "माका सगळा कळता, विहीणबाई. पण तो शनिवार सोडलंय तर माझ्याकडे दुसरा काय आसा?"

  पुढे ते एवढंच म्हणाले की लेकीला मी स्वतः सांगेन, शनिवारपर्यंत थांबा. मी हो म्हटलं. ते पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सून समोर आली की तोंडात पाण्याचा घोट धरून बसायची मी. शुक्रवारपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नाही.

शनिवारी चार वाजता मी त्यांच्या आधी खाली गेले आणि गाडीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिले. वेळ आलीच तर तिथे फतकल मारायचं ठरवलं होतं. माझे गुडघे पाहता मग मला उठवायला माणसं बोलवावी लागली असती, पण इलाज नव्हता. नात पाठीवर बॅग टाकून धावत आली. "आजी, तू इथे काय करतेस? आबा, चल ना, उशीर होतोय!"

आबा किल्ली हातात घेऊन उभे. मी त्यांच्याकडे बघत होते. ते कुठे बघत होते, कोणास ठाऊक.

"आज आपण रिक्षानं जाऊ," ते म्हणाले.

"का? गाडी बिघडली?"

"गाडी ठणठणीत आहे गं. मी बिघडलोय." आणि जे त्यांना लेकीला सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी त्या पोरीला तिथे उभ्याउभ्या सांगितलं. कापडाचा दोष सांगावा तसं, कुठे आहे, केवढा आहे, भरून निघणारा नाही.

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मग मी पण दिसत नाही का तुला?"

"समोर असलीस तर दिसतेस."

ती बाजूला उभी होती. तशी उडी मारून त्यांच्या पुढ्यात आली. "आता?"

"आता दिसतेस."

"मग चल," तिनं त्यांचा हात धरला, आणि दोघं गेटकडे गेले. मी तिथेच राहिले, गाडीसमोर, अडवायला कोणी उरलं नव्हतं तरी.

गाडी दिवाळीआधी विकली. गोवंडीचे एक गृहस्थ घेऊन गेले. ते येण्याआधी व्याह्यांनी तीन दिवस तिला घासलं-पुसलं. कुठे राहिलंय का ते मी सांगायची, आणि कुठेच राहिलेलं नसायचं. "उन्हात धुऊ नका," त्यांनी त्या गृहस्थांना बजावलं. ते हो हो म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना म्हणतात तसं.

आता संध्याकाळी ते माझ्या गॅलरीत येऊन बसतात. थेंब चालू आहेत, पण ती मूठ आणखी आवळत चालली आहे. मी त्यांना खालच्या गाड्यांवरचा चिखल रंगवून सांगते, त्यांना बरं वाटतं. परवा नात क्लासहून एकटीच आली. आता ती एकटी येते-जाते. पावलं ऐकून त्यांनी विचारलं, "पोर आली?"

"आली."

"कुठवर झाली हो आता?"

मला चटकन शब्दांत सांगता येईना. मी त्यांचा हात धरला आणि माझ्या खांद्याच्याही वर, कानाच्या पाळीपाशी नेऊन टेकवला.

"इथवर."

त्यांनी तो हात बराच वेळ काढला नाही, आणि मीही मान इंचभर वळवली नाही.