ब्रॅडलॉ नावाची सवत

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या घरात माणसं दोनच, उत्तराकाकू आणि चंद्रशेखरकाका. पण गेली नऊ वर्षं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आम्ही तिघं राहतो. तिसरा चार्ल्स ब्रॅडलॉ. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज पुढारी, पक्का नास्तिक. १८८० साली लोकांनी त्याला निवडून दिलं, तर यानं पार्लमेंटात सांगितलं की मला देवाच्या नावानं शपथ नको, नुसती प्रतिज्ञा करू द्या. त्यांनी त्याला बसू दिलं नाही. लोकांनी पुन्हा निवडून दिलं, त्यांनी पुन्हा बाहेर ठेवलं. सहा वर्षं हेच. राज्यकारभार कुणाच्या देवाधर्मावर चालू नये, यासाठी तो आयुष्यभर भांडला.

काकूंना हे पाठ होतं, कारण हायवेचे पूल बांधून रिटायर झालेले काका त्याच्यावर पुस्तक लिहीत होते. पाहुण्यांची खोली ब्रॅडलॉची झाली होती. मुलगा नील दिवाळीला आला की हवा भरलेल्या गादीवर हॉलमध्ये झोपे. सव्वीस सप्टेंबरला ब्रॅडलॉचा वाढदिवस काका न चुकता लक्षात ठेवत. काकूंचा आठवडाभर आधीचा, तो नीलचा फोन आला की आठवे.

मेलेल्या माणसाचा मत्सर करून करणार काय? काकूंनी तोही निभावला असता. पण वर्षभरापूर्वी राधिका आली. नागपूरची, आयटीतली, चाळिशीची, गावातल्या लायब्ररीत विवेकवादी मंडळींचा गट चालवणारी. काका तिला प्रकरणं वाचून दाखवत आणि ती फोनवर “काका, काय लिहिलंय यार” म्हणे. काका हसत. हे हसणं काकूंनी घरात कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. राधिका घरी आली की काकू तिला आल्याचा चहा देत, पण कान तुटलेल्या मगातून.

काकांच्या दाताच्या डॉक्टरकडे फेऱ्या चालू असताना काकूंनी पुस्तकाचं बाड उघडलं आणि तीन दुपारी बसून संपवलं. शोधत होत्या ब्रॅडलॉच्या बायकोला. ती सापडली दीड ओळीत. दारूच्या आहारी गेली, वेगळी राहिली, वारली. पण त्याच्या चळवळीतल्या अ‍ॅनी बेझंटबाईंना अख्खं प्रकरण होतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्याच्या बायकोबद्दल काही लिहिलंय का.

“तिचा चळवळीशी संबंध नव्हता गं. बेझंटबाई सहकारी होत्या.”

“असणारच. सहकाऱ्यांना भाकऱ्या थापाव्या लागत नाहीत.”

काकांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

काकूंचं खरं दुखणं मात्र जुनं होतं. त्यांचे वडील साताऱ्याकडचे शिक्षक, सत्यशोधक विचारांचे. मुलीचं लग्न भटजीशिवाय, दोन हार घालून करायचं हे त्यांचं स्वप्न. चंद्रशेखर तेव्हा इंजिनीअरिंगला होता आणि रजिस्टर लग्नावर तासतास बोलायचा. त्या बोलण्यावरच तर उत्तरा भाळली होती. मग त्याची आई एकदाच म्हणाली, “हे चालायचं नाही,” आणि हा मुंडावळ्या बांधून निमूट पाटावर बसला. उत्तराचे वडील मांडवाच्या मागच्या खुर्चीत बसून राहिले. आणि आता हाच माणूस दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसासाठी रोज टेबलावर मूठ आपटत होता. तिच्यासाठी एकदा तोंड उघडलं असतं तर? एवढंच काकूंना हवं होतं.

यंदा नीलच्या हट्टापायी दोघांनी सिटिझनशिपचा अर्ज केला. ‘देवा, मला साहाय्य कर’ हे शब्द गाळून, शपथेऐवजी प्रतिज्ञा करायची सोय कायद्यात आहे. काकांनी ठरवलं, इंटरव्ह्यूत ऑफिसरला तसं सांगायचं. राधिकानं लगेच इंटरव्ह्यूनंतरच्या शनिवारी लायब्ररीत त्यांचं भाषण ठेवलं. काकूंनी कुणाला न सांगता ठरवलं, आपणही प्रतिज्ञाच करायची. अर्धं वडिलांसाठी, अर्धं राधिकाच्या नाकावर टिच्चून.

दोघांना एकाच सकाळी बोलावणं होतं. काकूंना आधी आत घेतलं. ऑफिसर नीलच्या वयाची मुलगी. शपथ नको, प्रतिज्ञा हवी, हे घोकलेलं इंग्रजी वाक्य काकूंनी म्हणून टाकलं. ती “शुअर” म्हणाली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. अर्ध्या मिनिटात झालं. काकूंना थोडी निराशाच वाटली.

काका बाहेर आले ते रुमालानं मान पुसत.

“फॉर्मवर पूर्ण शपथेला यस केलं होतं ना,” गाडी सुरू करत ते म्हणाले, “ऑफिसर म्हणाला, काही बदल? मी म्हटलं, नो सर.”

काकूंना नवल वाटलं नाही. व्हिसाच्या दिवसांपासून वकिलानं त्यांना बजावलं होतं, इमिग्रेशनवाल्यापुढे विचारलं तेवढंच बोलायचं. इथल्या प्रत्येक देशी माणसाच्या अंगात ते मुरलेलं. पण तोंडातून निघालंच. “तेव्हा आईपुढे. आज याच्यापुढे.”

काका गाडी चालवत राहिले. तेवढ्यात स्पीकरवर राधिकाचा फोन.

“काका, मागितलीत ना प्रतिज्ञा? मी सगळ्यांना सांगू?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चालण्यासारखं होतं. कोण बघायला जाणार होतं? काकू खिडकीबाहेर पाहत राहिल्या. एक सिग्नल गेला.

“नाही गं,” काका म्हणाले, “मी घाबरलो. आयुष्यात दुसऱ्यांदा घाबरलो, आणि दोन्ही वेळा हिच्यादेखत. प्रतिज्ञा उत्तरानं मागितली.”

काकूंनी पर्समधला रुमाल शोधायला घेतला.

“काकूंनी?” राधिका म्हणाली. “मग शनिवारी काकूच बोलू देत ना.”

“ती?” काकांचा आवाज एकदम वर गेला. “अगं, तिला त्यातला इतिहास कुठे माहीत आहे?”

“सहा वर्षं भांडून शेवटी शहाऐंशी साली त्यानं शपथच घेतली,” काकू म्हणाल्या, “आणि दोन वर्षांनी प्रतिज्ञेचा कायदा करून घेतला. पान दोनशे एक्केचाळीस. येईन गं मी, राधिका.”

काकांनी फोन बंद केला.

“तू वाचलंस कधी?”

“तुमचे दात चालले होते तेव्हा.”

मग त्यांनी विचारलं, ऑफिसर नक्की काय म्हणाली. काकूंनी सांगितलं. नुसतं शुअर? भुवई वगैरे उंचावली नाही? वाक्य तू कसं म्हणालीस, शब्द काय होते? त्यात एक चूक आहे, शनिवारी असं म्हणू नकोस. आणि ती हसली होती का? नाही म्हणजे, माझा ऑफिसर जरा कडकच होता, तुला बरी मिळाली.

घर येईपर्यंत काकांनी ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी काकूंनी ऑफिसरच्या भुवया चांगल्या उंच नेल्या.