सांबराचा चुलतभाऊ आणि खोर फक्कानचं पातेलं

बाई दुबईला निघाली म्हणजे सोनं बघायला निघाली, असं आमच्या पाटण तालुक्यात सगळ्यांचं मत आहे. मी गेले ती जावयाच्या जेवणाचं बघायला. सोनं बघितलं, पण ते बसच्या खिडकीतून. तेवढं पुरतं.

दोन हजार तीन सालचा जानेवारी. वैशालीचा, म्हणजे माझ्या लेकीचा फोन आला. "आई, सुधीरची अँजिओप्लास्टी होऊन तीन महिने झाले. डॉक्टरांनी मटण बंद केलंय. मी सगळं उकडून घालते, तर हा माणूस घरात तोंड उघडत नाही. तू ये."

"मी येऊन त्याचं तोंड उघडू?"

"तू ये फक्त," ती म्हणाली. व्हिसा, तिकीट सगळं तिनं पाठवलं.

तुम्ही जाणार असाल तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा. बॅगेत खसखस घेऊ नका. तिकडं ती अफूत मोजतात आणि माणसाला थेट आत टाकतात. वैशालीनं फोनवर हे तीनदा सांगितलं म्हणून मसाल्याचा डबा मी घरी पुन्हा निवडला. दुसरी गोष्ट, जायचं तर थंडीत जा. जानेवारीत तिथली हवा आपल्या दिवाळीसारखी असते. (हे मी वहीत लिहिलेलं. माझी शाळा चौथीत संपली, कॉम्प्युटरवर नातसुनेनं चढवलंय.)

दुबईतल्या अल कुसैस भागात त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. खाली मल्याळी माणसाचं किराणा दुकान, तिथं कढीपत्त्यापासून कांदापोह्यांच्या पोह्यांपर्यंत सगळं मिळतं. खुबूस नावाची त्यांची चपाती एक दिरहमला पाकीटभर. एक दिरहम म्हणजे तेव्हा साधारण तेरा रुपये. वैशाली प्रत्येक वस्तूचे रुपये करून मोठ्यानं सांगायची आणि मग ती वस्तू घ्यायचीच. मग सांगतेस कशाला, बाई?

घरात चार माणसं. वैशाली, सुधीरराव, त्यांची तेरा वर्षांची ईशा, आणि मी. ईशाला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार छान चालायचा.

सुधीरराव कोल्हापूरचे. कोल्हापूरच्या माणसाला दुधी उकडून वाढला की तो कसा बसतो, ते मी त्या आठवड्यात बघितलं. ताटाकडं न बघता जेवायचे. शारजात त्यांचं ऑफिस. संध्याकाळी रस्ता इतका तुंबतो की दहा मैलांना दीड तास. एक दिवस ते घरात आले, मी दार उघडलं आणि नाकाला लसूण लागला. दुधीत वैशाली लसूण घालत नव्हती.

"सुधीरराव, शर्टाला कसला वास?"

"ट्रॅफिकचा, आई."

"ट्रॅफिक लसणाची चटणी खाते का?"

माणूस खाली बसला. बुटाची नाडी सोडता सोडता सगळं सांगितलं. शारजात सिग्नलपाशी एक कॅफेटेरिया आहे. गाडीतूनच हॉर्न द्यायचा, पोरगा शवर्मा आणून देतो. मटणाचा. सळईवर वरून चरबीचा गोळा खोवलेला असतो, तो वितळून खाली सगळ्या मटणावर गळतो. रोज एक. कधी दोन.

"वैशालीला सांगू नका," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सांगत नाही. पण डॉक्टर चालवेल असं मटण मी तुम्हाला घरात खायला घातलं, तर तो शवर्मा बंद."

"खलास," ते म्हणाले. तिकडं 'ठरलं' म्हणायचं तर असं म्हणतात. "घातलंत तर."

आता असं मटण आणायचं कुठून? तर ते चालत आलं. सुधीररावांच्या ऑफिसात डग नावाचा कॅनडाचा माणूस होता. त्याच्या भावाचं तिकडं फार्म आहे, एल्क नावाचं जनावर पाळतो. त्याचं मटण कागदपत्रांसकट थर्मोकोलच्या पेटीत आलेलं. डगनं दोन पाकिटं दिली आणि जनावराचा फोटो दाखवला. मी बघितलं आणि म्हटलं, हे तर सांबर. सांबराचा थोरला चुलतभाऊ म्हणा, थंडीत राहून अंगानं वाढलेला. शिकारीला बंदी नव्हती तेव्हा माझे वडील कोयनेच्या रानातून सांबराचा वाटा आणायचे. मला ते मटण नवीन नव्हतं.

वैशालीनं पाकिटं घेऊन मला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या केरळच्या, हिंदी बोलायच्या. म्हणाल्या, बकऱ्यापेक्षा हे कितीतरी बरं. चरबी जवळजवळ नाही, ताकद भरपूर, रक्ताला लागणारं लोहही भरपूर. पण औषध समजून खाऊ नका. एका वेळी तळहाताएवढं, बोटं सोडून, आणि तेही कधीतरी. "और माताजी," त्या म्हणाल्या, "जानवर में चर्बी नहीं है, तो आप ऊपर से मत डालना."

हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही.

कारण सांबराच्या मटणाची खोड हीच. अंगची चरबी नाही म्हणून आचेवर ते आवळतं आणि वहाणेसारखं होतं. माझी आई त्यात बोकडाची चरबी ढेकळाएवढी टाकायची. इथं तर चरबी टाळायला म्हणूनच हे मटण आणलेलं. वर सुकं खोबरंही बंद, खसखस कायद्यानं बंद. मसाल्यात उरला कांदा.

पहिल्या पाकिटाचं मी काय केलं ते सांगते, लपवत नाही. डगनं सुधीररावांजवळ निरोप दिला होता, लाल खुणेच्या पाकिटात पाठीचं मऊ मटण आहे, तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, आत गुलाबी राहिलं पाहिजे. मी म्हटलं, कच्चं मटण आमच्यात कुणी खात नाही. एवढं दांडगं जनावर दोन मिनिटांत शिजतं होय? मी त्याला जून बोकडाचा न्याय लावला. कुकर. सहा शिट्ट्या.

झाकण उघडलं तर रश्श्यात दोरखंड. बोटानं दाबलं की भुसा पडायचा, दातानं चावलं की तुटायचं नाही.

ईशा म्हणाली, "आजी, इट टेस्ट्स लाइक माय इरेजर."

"तू खोडरबर खातेस? तरीच मार्क खोडल्यासारखे येतात."

सुधीरराव हसले नाहीत. चार घास गिळले, म्हणाले, "आई, तुमची चूक नाही." दुसऱ्या दिवशी दीड तास उशिरा आले. दारातच लसूण.

आता एक पाकीट उरलं होतं. खांद्याचं, निबर. ते बिघडलं तर आमचा करार संपला आणि त्यांच्या छातीत घातलेल्या त्या स्प्रिंगवर रोज चरबी गळत राहणार, एवढं मला चौथी शिकूनही कळत होतं.

शुक्रवारी सुट्टी. डगनं सुचवलं, खोर फक्कानला समुद्रावर जाऊ, तिथं कोळशावर शिजवू. आदल्या दिवशी वैशाली मला शारजाच्या बाजारात घेऊन गेली. ती भाजी बघत होती तेवढ्यात मी मटणवाल्याकडं गेले. पेशावरचा म्हातारा. चरबी मागितली.

"अम्मा, गोश्त नहीं, खाली चर्बी? किसके लिए?"

"सांधे दुखतात. मालिश."

त्यानं फुकट दिली. वर दुवा दिली. मुठीएवढा गोळा प्लास्टिकात गुंडाळून पिशवीच्या तळाला ठेवला, वर औषधाची डबी. म्हटलं, असू दे. वेळ पडली तर.

मटणाची तयारी घरीच करून घेतली. तुम्हाला कधी असलं मटण मिळालं तर ऐका. बर्फ गरम पाण्यात सोडवू नका. फ्रिजच्या खालच्या फळीवर पातेल्यात एक दिवस ठेवा, आपोआप सुटतं. अंगावरचा पांढरा पापुद्रा सुरीनं सोलून टाका, उग्र वास त्यालाच असतो आणि आवळतोही तोच. मग मटणाच्या रेषा बघा आणि त्यांना आडवं कापा. दही, आलं, लसूण, हळद लावून रात्रभर ठेवा. मीठ आत्ता नको, पाणी सोडतं.

सकाळी सातला निघालो. पुढं आमची गाडी, मागं डगची. शारजा सुटलं की धैदपर्यंत वाळू, तीही तांबूस, आपल्या विटेच्या भुकटीसारखी. अधूनमधून उंट. मग काळे उघडे डोंगर लागतात. गवताची काडी नाही. आमच्याकडचे डोंगर कुणी भादरून ठेवले तर असेच दिसतील.

मसाफीच्या अलीकडं रस्त्याला लागून मोठा बाजार आहे. नाव शुक्रवारचा, भरतो रोज. गालिचे, कुंड्या, केळी, कणसं. तिथं वैशालीच्या लक्षात आलं की पातेलं आणलं, झाकण घरी राहिलं. मी तिला काही बोलले नाही. म्हणजे बोलायचं ते सगळं तिथंच बोलून घेतलं, मग काही बोलले नाही. एका पठाणाकडं खोलगट पितळी थाळा दिसला. वीस दिरहम म्हणाला. वैशालीनं लगेच रुपये केले, "आई, अडीचशे." मी त्याला आठ सांगितले आणि चालायला लागले. "यल्ला, अम्मा, बारा," तो मागून म्हणाला. बाराला घेतला. तो थाळा या प्रवासातली सगळ्यात कामाची खरेदी ठरला, कसा ते सांगते.

खोर फक्कान म्हणजे डोंगरानं कवेत धरलेली खाडी. एका अंगाला बंदर, लोखंडी पेट्यांनी लादलेली जहाजं. दुसऱ्या अंगाला स्वच्छ वाळू, खजुरीची झाडं, आणि मांजरं. माणसांपेक्षा मांजरं जास्त. आम्ही चटई टाकली, डगनं कोळसा पेटवला.

ईशा मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करत होती. डग म्हणाला, त्याची आई यात लाल वाइन ओतायची. सुधीरराव म्हणाले, हा शारजाचा मुलूख, इथं दारूचा थेंब चालत नाही. मी आमसुलं भिजत घातली होती, त्याचं पाणी दाखवलं. रंग बघून डग खूष.

तेल दोन चमचे. कांदा भाजून वाटलेला, धने, मिरची, लवंग. मटण टाकलं, परतलं आणि निखारे बाजूला सारून आच मंद केली. वर तो थाळा झाकला आणि थाळ्यात पाणी ओतलं. आमच्याकडं कोरडी भाजी अशीच शिजवतात. वरचं पाणी थंड, आतली वाफ गरम. वाफ थाळ्याला लागून थेंब होते आणि परत खाली पडते. चरबी नाही तर नाही, मटण आपल्याच पाण्यात भिजत राहतं. थाळ्यातलं पाणी कढलं की तेच पातेल्यात ओतायचं, वर नवं घालायचं.

तासाभरानं थाळा उचलला. फोड दाबली. निबर. अगदी कुकरसारखी नाही, पण निबर.

वैशाली आणि ईशा पाण्याकडं गेल्या होत्या, डग गाडीतून खुर्च्या काढत होता. मी पिशवीत हात घातला.

"काय आहे, आई?" सुधीरराव मागंच उभे.

"औषध."

"चरबीचा वास मला मसाफीपासून येतोय." ते शेजारी उकिडवे बसले. आवाज खाली आणला. "घाला ना. एकदाच. कुणाला कळणार नाही."

गोळा हातात होता. घातला असता तर अर्ध्या तासात मटण लोण्यासारखं झालं असतं, माझं नाव राहिलं असतं आणि हा माणूस उद्या परत सिग्नलपाशी हॉर्न देत उभा राहिला असता. मी त्यांच्याकडं बघितलं. शाळेतल्या पोरासारखं तोंड, केस मात्र पांढरे व्हायला लागलेले.

"सुधीरराव," मी म्हटलं, "हेच खायचं होतं तर मला विमानात कशाला बसवलंत? शारजात तीन दिरहमला मिळतं."

गोळा मांजरांकडं फेकला. अशी झुंज लागली की वैशाली लांबून ओरडली, "आई, काय टाकलंस?"

"सांध्याचं औषध," सुधीरराव म्हणाले. मग स्वतःच बाटली घेऊन थाळ्यात पाणी ओतायला बसले. पुढचे दोन तास तिथून हलले नाहीत. पाणी कढलं की आत, नवं वर. दुधी खातानाचं ते तोंड आता नव्हतं.

तीन तास पुरे झाल्यावर फोड चमच्यानं तुटली. मीठ शेवटी घातलं. रस्सा आमसुलानं लालबुंद, वर तेलाचा तवंग नाही. कोल्हापुरात कुणी याला रस्सा म्हणालं नसतं. पण मटणाला स्वतःची चव होती, गोडसर, जरा रानाची. मला वडिलांच्या वाट्याची आठवण झाली. त्यात आईची चरबी जास्त आणि सांबर कमी लागायचं, हे तेव्हा कळलं नव्हतं.

मी सुधीररावांना हात पुढं करायला सांगितला. तळहात मापला, बोटं सोडून, तेवढंच वाढलं. खुबूसनं पातेलं पुसायला मात्र परवानगी दिली. डगनं दोनदा घेतलं आणि ईशाला काहीतरी म्हणाला.

"ही सेज, इज देअर अ सीक्रेट इन्ग्रीडियंट?"

"पाणी म्हणावं."

"आजी, ही वोंट बिलीव्ह इट."

"मग जावई म्हणावं."

एल्क तिथंच संपलं. त्यानंतर मला ते कधी मिळालं नाही, तुम्हालाही मिळेलच असं सांगत नाही. पण राहिलेल्या पाच आठवड्यांत आम्ही तीच तऱ्हा बकऱ्याला लावली. पंधरा दिवसांतून एकदा, चरबी आणि पापुद्रा काढून, थाळ्यावर पाणी ठेवून, तळहाताएवढं. थाळ्यात पाणी घालायचं काम सुधीररावांचं. दारात लसूण पुन्हा आला नाही. मी रोज दार उघडायच्या निमित्तानं तपासत होते.

थाळा तिथंच ठेवून आले. घरी आल्यावर लोकांनी विचारलं, काय आणलंस? खजूर आणले, म्हटलं. इथं पाटणला आता मीसुद्धा मटण तसंच शिजवते, स्टीलचं ताट झाकून. गॅस जास्त जातो, पण दात कमी लागतात. माझ्या वयाला हिशेब बरोबर आहे.

महिन्याभरानं वैशालीचा फोन आला. डॉक्टरीणबाई खूष आहेत म्हणाली. मी तिच्यासमोर सहा आठवडे शवर्म्याचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता, त्याचा मला मनात फार अभिमान होता. म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुधीरराव वेळेवर येतात ना घरी?"

"येतात. आणि आई, शर्टाला आता नुसता घामाचा वास येतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कपडे मीच धुते ना," ती म्हणाली. "तुला काय उगाच बोलावलं होतं?"