पिवळा शेरा

ताईंचं काम फोनवर बोलायचं, पण पगार मात्र ऐकण्याचा. असं त्या स्वतःच सांगत, आणि सांगताना जरा मान ताठ करत. एखादी कंपनी नवा माणूस घ्यायला निघाली की त्याची माहिती ताईंच्या ऑफिसात येई. मग ताई त्याच्या जुन्या कंपनीत फोन लावत. तुमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत होते, हुद्दा काय, सोडून का गेले, काही तक्रार होती का, पुन्हा घ्याल का. आवाज असा मऊ की पलीकडच्याला वाटावं, ही बाई सोयरीकच घेऊन आलीय.

पलीकडचे लोकही आता कच्च्या गुरूचे चेले राहिले नव्हते. उगाच तोंड उघडलं आणि उद्या कोर्टाची नोटीस आली तर, या धास्तीने ते तारखा सांगत, हुद्दा सांगत आणि पुढे “आमच्या नियमात बसत नाही” म्हणून गप्प होत. त्यामुळे ताई गप्प बसणंच ऐकायला शिकल्या. तक्रारीच्या प्रश्नावर माणूस चटकन “छे, काही नाही” म्हणाला की संगणकावर हिरवा शेरा. “हो, काढून टाकलं त्याला,” असं सरळ म्हणाला की लाल. आणि अडखळला, खाकरला, “तेवढं सांगता येणार नाही” म्हणाला की पिवळा. पिवळा म्हणजे आम्ही काही म्हणत नाही, तुमचं तुम्ही बघा.

आता टेबलावर अर्जांचा ढीग पडलेला असताना कोण कशाला बघत बसेल? पिवळ्या माणसाला कंपनीवाले “कळवतो” म्हणत आणि पुढच्या हिरव्याला बोलावून घेत. ताईंना हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण आपण कुणाला वाईट म्हटलं नाही, एवढ्यावर त्यांना रात्री शांत झोप लागे. ऑफिसात नवी येणाऱ्या प्रत्येकीला त्या हेच शिकवत. “अडखळला की पिवळा. आपण काही न्यायाधीश नाही.” बोलणं शहाणपणाचं होतं, आणि सोयीचंही होतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस तिसरा विचार करत नाही.

तर ताईंना एक भाऊ होता. पन्नाशीला टेकला तरी घरात त्याचं नाव धाकटाच. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याचा डबा ताईंनी भरला, त्याच्या शर्टाची बटणं ताईंनी लावली, आणि शाळेतून त्याची तक्रार आली की मास्तरांशी भांडायलाही ताईच गेल्या. त्याने खरोखर काय केलं हे त्याला विचारायचं राहून जाई, कारण भांडायची घाई असे.

धाकटा तयार कपड्यांच्या एका गोदामात मुख्य सुपरवायझर होता. दोन वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली. घरी सांगितलं ते असं: माल मोजायला एक मुलगी होती, रोज उशिरा येई. तिला चार शब्द सुनावले. तिने डूख धरला आणि नाही नाही ते आरोप केले. “चौकशी लावली माझ्यावर. मी म्हटलं, गेली तुमची नोकरी खड्ड्यात. स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही?” ताईंना ते पटलं. त्यांना तर अभिमानच वाटला.

स्वाभिमानावर घर चालत नाही. ते भावजयीच्या शिलाई मशीनवर चालू लागलं. धाकट्याने दोन ठिकाणी मुलाखती दिल्या, दोन्हीकडून “कळवतो” आलं. तिसरी जागा औषधांच्या गोदामातली. तिथल्या साहेबांनी त्याला बसायची खुर्चीसुद्धा दाखवली होती. भावजयीने त्याच्यासाठी नवा शर्ट शिवला. त्याचं वय बघता अशी जागा पुन्हा चालून येणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. आणि मग तिथूनही “कळवतो” आलं.

ही पूर्वचौकशी ताईंच्याच ऑफिसाकडे आली होती. नातेवाइकाचं काम स्वतः करायचं नाही असा नियम, म्हणून ती शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीकडे गेली होती. ताईंनी तिला गाठलं.

“माझ्या भावाचं काय झालं गं?”

“पिवळा गेला, ताई.”

“पिवळा? का?”

“तक्रारीचं विचारलं तर त्यांचे जुने गोदामवाले अडखळले. सांगता येणार नाही म्हणाले.” चष्मेवालीने निरागसपणे चष्मा वर सरकवला. “तुम्हीच शिकवलंय ना?”

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. एक माणूस दोन वर्षं घरी बसलाय, का, तर कुणीतरी फोनवर खाकरलं म्हणून. हा कुठला न्याय? आपला तो बाळ्या म्हणतात ना, तसं झालं. आजवर जे पिवळे पाठवले ते सगळे दुसऱ्यांचे होते. त्यांनी आपल्या ऑफिसच्या साहेबांना भरीला घालून औषधवाल्यांकडून सोमवारपर्यंत मुदत मिळवली. साहेब वयाने ताईंच्या मुलाएवढे, पण माणूस सरळ. “निर्दोष आहे असं गोदामवाल्यांकडून आणा, मी हिरवा करतो,” ते म्हणाले. “पण फोन तुम्ही करायचा नाही.”

ताईंनी मान डोलावली. दुपारी चष्मेवाली जेवायला गेली तशी त्यांनीच फोन लावला.

गोदामाच्या कर्मचारी विभागातले गृहस्थ वयस्कर असावेत. प्रत्येक वाक्याआधी एक दम घेत.

“तक्रार होती असं आपण म्हणालात,” ताईंनी सुरुवात केली.

“मी तसंही म्हटलं नाही, बाई. सांगता येणार नाही, एवढंच म्हटलं.”

“मग चौकशी झाली होती का? आणि तिचा निकाल काय लागला?”

पलीकडे खुर्ची करकरली. “एवढी वर्षं मी हे फोन घेतोय. तक्रार होती का, हे सगळे विचारतात. निकाल विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

“विचारला तर सांगता येतो?”

“उमेदवाराची संमती तुमच्याकडे असते. लेखी विचारा, लेखी देतो. नुसत्या आरोपावर बोलायची मला बंदी आहे, निकालावर नाही.”

इतकं सोपं होतं तर. ताईंना हायसं वाटलं. औषधवाल्यांची ती खुर्ची त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागली. “लेखी पाठवतेच,” त्या म्हणाल्या. “तोवर तोंडी सांगा.”

“सिद्ध झाली.”

“काय?”

“तक्रार. सिद्ध झाली. मालाच्या खोलीत दार लोटून घेऊन त्या मुलीचा हात धरायचे. एकदा नाही. ती आधी बोललीच नाही. मग आणखी दोघी पुढे आल्या, त्यांनीही तेच सांगितलं. शेवटी सुपरवायझरांनी समितीपुढे कबूल केलं, माफी मागितली. वयाकडे बघून आम्ही त्यांना राजीनामा देऊ दिला.”

ताईंनी पेन खाली ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गृहस्थ मात्र आता मोकळे झाले होते. कुणी विचारलंच नसल्यामुळे त्यांच्या मनात बरंच साठलं असावं.

“मला वाईट वाटतं ते त्या मुलीचं. तिनेही पुढे सोडलं. तिच्यासाठी फोन येतात, विचारतात, काही तक्रार होती का? आता होती, पण तिने केलेली. नाही म्हटलं तर खोटं, हो म्हटलं तर तिच्यावरच शेकतं. मग मी म्हणतो, सांगता येणार नाही. गेल्या वर्षी एका दवाखान्यासाठी फोन आला होता. तुमच्याच ऑफिसातून. आवाज असाच मऊ होता.”

ताईंनी फोन ठेवला आणि संगणकात शोधलं. दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवरची जागा. शेरा पिवळा. खाली आद्याक्षरं ताईंच्या नावाची. मुलीचं नाव वाचून त्यांना काहीही आठवलं नाही, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या. भावजय मशीनवर होती. धाकटा तिच्याशेजारी बसून शिवलेल्या कपड्यांचे दोरे कापत होता. ताईंना बघून त्याचा चेहरा उजळला. “काय, झालं का काम?”

“गोदामात विचारलं मी,” ताई म्हणाल्या. “आता तुला विचारते. तू दार लोटून घेत होतास?”

जन्मात पहिल्यांदाच त्या त्याला असं विचारत होत्या. धाकटा आधी हसला, मग चिडला. ती मुलगी कशी होती ते सांगू लागला, कशी उशिरा यायची, कशी उलट बोलायची. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“मिटलं होतं ते,” तो म्हणाला. “माफी मागितली मी. तू कशाला उकरायला गेलीस?”

मशीन थांबलं. भावजय नवऱ्याकडे बघत होती. “मला म्हणालात, तिने डूख धरला. मी माहेरी सगळ्यांना सांगितलं, आमचं माणूस नाकासमोर चालणारं आहे.” मग ती ताईंकडे वळली. “वन्सं, त्या मुलीचं वय काय हो?”

“तुमच्या मोठ्या लेकीएवढी असेल,” ताई म्हणाल्या.

भावजय उठून आत गेली. तिने दार जोरात लावलं नाही, काही नाही. भांडी घासायचा आवाज तेवढा येऊ लागला.

धाकट्याने ताईंचा हात धरला. “ताई, हिरवं कर म्हणत नाही मी. पिवळंच राहू दे. औषधवाले नाही तर दुसरं कुणी घेईल. झाकली मूठ आहे ती, उघडू नको. तू बहीण आहेस ना माझी?”

ताईंना त्याचा राग आला. त्याची दयाही आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला. त्याच्या डोक्यावर हात ठेवायची त्यांची सवय होती, तो हात त्यांनी मांडीवरच ठेवला. “बहीण आहेच,” त्या म्हणाल्या. “पण तुझं काम चष्मेवालीकडे आहे. ती लेखी विचारेल आणि जे उत्तर येईल ते पाठवेल. मी मध्ये पडणार नाही. पुढे कुठे अर्ज केलास तर आधीच स्वतःहून सांग. निदान तेवढं तरी तुझ्या तोंडून जाऊ दे.”

 तो दारापर्यंत सोडायलाही आला नाही.

सकाळी चष्मेवालीने गोदामाला लेखी पत्र पाठवलं. दुपारपर्यंत दोन्ही उत्तरं आली, कारण ताईंच्या सांगण्यावरून तिने धाकट्याबरोबर त्या मुलीबद्दलही विचारलं होतं. ताई मुलीबद्दलचं उत्तर घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या आणि आधी, काल फोन आपणच केला होता, हे सांगून टाकलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

“आणि हे काय? दवाखान्याचं प्रकरण तर गेल्या वर्षी संपलं. आता शेरा बदलायचा म्हणजे चूक आपली होती असं लिहून द्यावं लागेल.”

“द्या. माझ्या नावाने द्या.”

“ताई, ती जागा केव्हाच भरली असेल.”

“असेल. पण यापुढे जो कुणी आपल्याकडे तिची चौकशी करेल त्याला पिवळा दिसेल. तिने काही केलेलं नाही, साहेब. तक्रार तिची होती, आणि खरी ठरली. मी निकाल विचारला नाही, एवढंच झालं. आणि तिचा पत्ता शोधून हे तिलाही कळवायचं आहे. तिला कुणी ‘कळवतो’ म्हटलं असेल, तर का, ते तिला अजून माहीत नसेल.”

साहेबांनी कागद ओढून घेतला. ते वाचत गेले आणि मध्येच थांबले. “तक्रार कुणाविरुद्ध होती, ते यात नाही.”

“माझ्या धाकट्या भावाविरुद्ध,” ताई म्हणाल्या. “त्याचा लाल चष्मेवालीकडून येईलच. त्याआधी हिचा हिरवा जाऊ दे.”