स्वागताला गेलेल्या बायका

माझी वहिनी शाळेचे गणवेश शिवते. घराच्या पुढच्या खोलीत शिलाईची मशीन, कापडाचे गठ्ठे आणि दाराशी कापड बेतायचं लांब टेबल. ती नगरपालिकेची सदस्य आहे हे त्या खोलीत आलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. सभागृहात गेलेल्याला तर सांगूनही पटत नाही, कारण तिथे ती दिसतच नाही. ती खाली फाटकाशी उभी असते, हातात गुच्छ घेऊन.

हे मी चेष्टेने लिहीत नाही. आमच्या पालिकेची रीतच तशी आहे. प्रत्येक सभेला कोणी ना कोणी पाहुणा असतो. विषयांना सुरुवात झाली की अध्यक्ष म्हणतात, "महिला सदस्यांनी स्वागताला खाली जावं." बायका जातात. पाहुणा उशिरा येतो. तोवर वर ठराव होऊन जातात, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या बायकांची संमतीही त्यात धरली जाते. एकमताने मंजूर! प्रेक्षकांच्या बाकावर बसून हे बघताना माझं डोकं फिरतं. आजूबाजूचे मात्र टाळ्या वाजवतात.

वहिनी निवडणुकीला उभी राहिली ती एका कुलपामुळे. मंडईत बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं, फीत कापली, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला कुलूप लागलं. आत अध्यक्षांच्या मेव्हण्याची खोकी. भाजी विकणाऱ्या बायका पहाटे येतात आणि घरी जाईपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. का, ते सांगायला नको. वहिनीची मोठी बहीण, अक्का, त्यांच्यातलीच. मूत्रपिंडं निकामी होत आली तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. तिच्या उशाशी बसून वहिनी म्हणाली, "ते कुलूप मी काढते."

निवडून आल्यावर तिने तो विषय पुन्हा पुन्हा मांडला. दर वेळी ती खाली असतानाच तो 'पुढे ढकलण्यात आला'. आणि या वेळी विषय आला तो असा: स्वच्छतागृहाची इमारत वापरात नसल्याने गोदाम म्हणून मेव्हण्याला द्यावी. वापरात नाही! कुलूप यांनीच लावलं, आणि वर ही मखलाशी.

सकाळी माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, चहा ढवळत म्हणाला, "अगं, उगाच वैर नको घेऊस. अध्यक्षांचा फोन आला होता मला."

"सदस्य कोण, तुम्ही की मी?"

"तू. पण फोन माझ्याकडे येतो ना."

"मग आज गुच्छ घेऊन तुम्हीच उभे राहा. शोभून दिसाल."

त्या दिवशीचा पाहुणा वरच्या खात्यातला बडा अधिकारी होता. पाणीयोजनेचा ठराव त्याला स्वतःसमोर करून हवा होता. नेहमीप्रमाणे बायका खाली गेल्या, आणि नेहमीप्रमाणे पुरुष सदस्यांतले बरेचसे चहाच्या टपरीवर सटकले. अधिकारी गुच्छ घेऊन वर आला, बायका मात्र खालीच थांबल्या. तो खुर्चीत बसला आणि त्याने सभागृहावरून नजर फिरवली.

"निम्मे सदस्य तरी हजर हवेत. कुठे आहेत?"

"आहेत की साहेब," अध्यक्ष हसले. "महिला खाली आहेत."

"मग वर बोलवा. असा ठराव कोर्टात टिकत नाही."

बायकांची काळजी त्यालाही नव्हती. त्याला फक्त ठराव पक्का हवा होता. टपरीवरचे पुरुष धावत आले, तरी निम्मे भरेनात, कारण पालिकेत निम्म्याहून जास्त बायकाच. आणि बायका येईनात. शिपाई दोनदा हात हलवत परत आला. शेवटी अध्यक्ष स्वतः जिना उतरले, आणि मीही मागोमाग गेलो. फाटकाशी सगळ्या जणी उभ्या होत्या, वहिनी पुढे.

"ताई, हा काय पोरखेळ? पाहुणे खोळंबलेत!"

"गुच्छ धरून धरून हात आखडलेत आमचे. मतासाठी वर होत नाहीत."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"कुलपाची किल्ली."

"सभेनंतर बघू."

"मग सभाही नंतरच बघू."

अध्यक्षांनी बाजूला जाऊन फोन लावला. मिनिटभरात वहिनीचा फोन वाजला. माझा भाऊ! तिने फोन सरळ अध्यक्षांसमोर धरला. "घ्या, तुमचाच निरोप आहे. माझ्याकडे चुकून आला."

मेव्हण्याकडून किल्ली आली. वहिनीने ती निवृत्त नर्स असलेल्या सदस्येच्या हातात दिली. "सिस्टर, तुम्ही जा. उघडलं की कळवा. तोवर आम्ही इथेच."

सिस्टरचा फोन आला तेव्हा कुठे बायका जिना चढल्या. गोदामाचा विषय अध्यक्षांनी गुपचूप मागे घेतला. दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आलं? 'अध्यक्षांच्या पुढाकाराने महिलांची गैरसोय दूर.' खाली त्यांचाच फोटो. वहिनीने त्या पेपरातून कॉलरचा नमुना कापला.

अक्का आता पुन्हा मंडईत बसणार नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. तिच्या जागेवर तिची सून बसते. परवा वहिनी तिथे गेली तेव्हा मी बरोबर होतो. ऊन टळटळीत होतं. सुनेने गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं, बाटली उघडली आणि सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

वहिनी बघत राहिली. मग म्हणाली, "हे अक्काला मिळायला हवं होतं," आणि तरातरा चालू लागली. तिला पालिकेत जायचं होतं. पुढच्या सभेलाही पाहुणा येणार होता, आणि गुच्छ कोण धरणार हे तिला आधीच ठरवून घ्यायचं होतं.