लिंबोणीखाली पुरलेली बाटली

मी स्वतःला विच म्हणवून घ्यायचे. चेटकीण म्हणायची हिंमत कधी झाली नाही. इंग्रजीत तो शब्द कसा वाचनबिचन असलेल्या बाईचा वाटतो. दोन हजार तेराच्या आसपास आम्ही ओमानमध्ये, अल हैलला एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहायचो. नवरा गाला नावाच्या भागातल्या एका कंपनीत इंजिनियर, मी शाळेत शिक्षिका. इंटरनेटवर परदेशातल्या बायकांचा एक गट सापडला होता, त्यांच्याकडून मी शिकत होते. पौर्णिमेला खिडकीत मेणबत्ती, भोवती मिठाचं रिंगण, चंद्राला दूध आणि मध. सासूबाई मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या तेव्हा मी नाक मुरडलं होतं, आणि तेच मीठ इंग्रजीतून आल्यावर मात्र मला त्यात काहीतरी थोर दिसू लागलं होतं. नवऱ्याला वाटायचं, बायकोला मेणबत्त्यांचा शौक आहे.

त्या वर्षी त्याच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले. मी घाबरले आणि रक्षणाची बाटली करायची ठरवली. काचेच्या बाटलीत खिळे, टाचण्या, मीठ, व्हिनेगर आणि रोझमेरी घालायची, सोबत आपल्या हातानं लिहिलेली चिठ्ठी, आणि ती दाराजवळ पुरायची. मागणं आपल्या भाषेतच लिहायचं, असं गटातल्या एकीनं बजावलं होतं. मी मराठीत लिहिलं, ‘या घरात वाईट काही येऊ नये.’ रोझमेरीसाठी मुद्दाम मदिनत सुलतान काबूस या लांबच्या वस्तीतल्या सुपरमार्केटपर्यंत जाऊन आले. एका दुपारी सगळे झोपलेले असताना फाटकाजवळच्या लिंबोणीखाली बाटली पुरली आणि वर येऊन चहा केला. फार बरं वाटलं होतं.

खाली आमची ओमानी घरमालकीण राहायची आणि तिच्याकडे रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली बाई कामाला होती. वयानं माझ्या आईएवढी. मी तिला खाला म्हणायचे, ती मला बाय. चौथीपर्यंत उर्दू शाळेत गेलेली, त्यामुळे मराठी फक्त बोलण्यापुरती. तिच्या सुनेचे फोनवर मराठीत मेसेज यायचे, ते घेऊन ती वर यायची आणि मी वाचून दाखवायचे. नातवाला दात आला, छपराचे पत्रे बदलले, असलं काहीबाही.

काही महिन्यांनी फाटकाजवळचा पाण्याचा पाइप फुटला. दुरुस्तीला आलेल्या माणसानं खणलं आणि बाटली वर आली. घरमालकिणीच्या मुलाचं ठरलेलं लग्न नुकतंच मोडलं होतं. तिनं मला खाली बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर ती बाटली. चिठ्ठी चिमट्यानं बाहेर काढून ठेवली होती. कुणी हात लावत नव्हतं.

“टीचर, ये तुम्हारा हिंदी है ना? पढ़ो.”

माझंच अक्षर. व्हिनेगरनं जरा फुटलं होतं, पण स्पष्ट होतं. नुसतं वाचून अर्थ सांगितला असता, तरी ती थोडी निवळली असती. मी म्हणाले, “खराब हो गया है. समझ में नहीं आता.”

तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. “इसका है?”

खाला ओल्या हातांनी तिथे उभी होती. “अल्लाची आन, बाय,” ती म्हणाली, “सांग हिला. मना ह्या लिवता येत नाय.”

एक वाक्य बोलायचं होतं. हिला ही लिपी येत नाही, एवढंच. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग या घरात ती कुणाला येते? त्या देशात जादूटोण्याचं प्रकरण थेट पोलिसांकडे जायचं. व्हिसा, शाळा, नवऱ्याची आधीच डुगडुगणारी नोकरी, सगळं मी एका क्षणात डोळ्यांपुढून फिरवलं आणि म्हणाले, “मालूम नहीं.”

“खलास,” घरमालकीण म्हणाली. खालाचं चार दिवसांनंतरचं परतीचं विमान ठरलं.

आमच्या मार्गातला पहिला नियम, कुणाला इजा होऊ द्यायची नाही. मी तो सुंदर अक्षरात लिहून कपाटाच्या आत चिकटवला होता. त्या दिवशी वर आले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी पोटभर जेवले. हे लिहितानाही मान वर होत नाही.

जायच्या आदल्या दिवशी खाला वर आली. आता ही मला शिव्याशाप देणार, म्हणून मी दारातच अंग चोरून उभी राहिले. पण शिकलेली बाई असली बाटली पुरेल, हे तिच्या मनातही आलेलं नव्हतं.

“मना एक चिठ्ठी लिवून दे, बाय, इंग्लिशमधे. दुसऱ्या घरी काम मिलंल, इन्शाल्ला. जादू करनारी नाय, ता नक्की लिव. तू टीचर हायस, तुजा ऐकतील.”

मी बसले आणि लिहिलं. प्रामाणिक आहे, स्वच्छ आहे, मासळी उत्तम करते. तिच्यावरचा आळ खोटा आहे, ती लिपीच तिला वाचता येत नाही. अर्धं पान भरलं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ती समोर खुर्चीच्या कडेवर बसून पेनाकडे बघत होती. शेवटी सहीची जागा आली. ही चिठ्ठी फिरत फिरत खाली घरमालकिणीकडे पोचली तर, असं मनात आलं. मी नाव लिहिलं नाही, सही केली नाही, फोन नंबर दिला नाही. कागदाची घडी करून पाकिटात घातली आणि तिच्या हातात दिली.

तिला इंग्रजीही वाचता येत नव्हतं. तिनं पाकीट कपाळाला लावलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तुजा भला होवदे.”

तिचे गुडघे दुखायचे, जिना ती एकेक पायरी थांबत उतरायची. हाक मारायला तेवढा वेळ पुष्कळ होता.