केशराच्या नावाचं खनिज

वणीकडल्या आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या लॅबमंधी एक शिपाई काका होते. कोनी खनिजाले ‘दगड’ म्हटलं का भडकायचे, “नाव हाय त्याले!” रोज फडक्यानं एकेक खनिज पुसायचे. काल पाहुने प्राध्यापक आले, क्रोकोइट नावाचं केशरी खनिज उचलून आमच्या सरले नावाचा अर्थ इचारला. सर लागले पुस्तक चाळाले! चहा देता देता काका बोलले, “ग्रीकमंधी क्रोकोस म्हंजे केशर, साहेब. रंगावरून नाव पडलं.” पाहुने खूश! अन् आज सरनं काकाले लॅबमधून काढून गेटवर बसवलं! असा संताप आला ना मले! म्हटलं, “काका, तक्रार करा!” त काका म्हनतात, “आधी सरले सांग, त्या क्रोकोइटात शिसं हाय. पुसल्यावर हात धुवा म्हनावं.”

मी नाई सांगत!