खिडकी की दार

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक जेवणाचं टेबल आहे. लांबट, डुगडुगणारं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. माझ्या उजव्या हाताला खिडकी, डाव्या हाताला दार. समोरच्या टोकाला माझे धाकटे दीर, बनियनवर, डोळे गच्च मिटून. हातात शिवण उसवलेला जुना चेंडू. अलीकडच्या टोकाला मी, मांडीवर नाटकाची वही.

मनगट फिरतं. चेंडू टेबलावर एक टप्पा घेतो आणि वळतो.

"वहिनी?"

"खिडकी!"

खिडकीकडे गेला तर लेगस्पिन, दाराकडे गेला तर गुगली. भाऊजींनी डोळे मिटून टाकायचा, मी तळहाताखाली दाबायचा आणि दिशा सांगायची. चेंडू बोटांना कळला पाहिजे, डोळ्यांना नव्हे, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई आतून ओरडायच्या, "पातेल्यात पडला तर तोच वाढीन हं दोघांना!"

भाऊजी रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. नोकरी मिळाली होती ती कारखान्याच्या संघातून खेळायचं म्हणूनच. दर शनिवारी पंचेचाळीस षटकांचा सामना. त्यात लेगस्पिनरची काय पत्रास! कप्तान त्यांना 'महागडा पाहुणा' म्हणायचा; दोन चौकार बसले की पाठवलंच सीमारेषेवर.

मग एका शनिवारी त्यांच्या गुगलीवर तिघं बाद झाले. पुढच्या शनिवारी चौघं. पेपरात नाव आलं. कप्तानाचा सूरच बदलला. "तेवढंच टाक रे बाबा, दुसरं काही नको!"

भाऊजींनी तेवढंच टाकलं. सलग दोन हंगाम.

एखाद्या वाक्याला टाळी पडली की नट पुढच्या प्रयोगात ते जरा जास्त ताणतो, त्याच्या पुढच्या प्रयोगात आणखी. नाटकांना प्रॉम्प्टिंग करताना असे कितीतरी जण मी विंगेतून पाहिले होते. घरात मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

अंतिम सामना रविवारी होता. मोठ्या संघाचे निवडकर्ते येणार होते आणि भाऊजींनी तिशी ओलांडलेली. पुन्हा कोण बोलावणार? गुरुवारी संध्याकाळी ते टेबलाशी बसले. "आज फक्त लेगस्पिन," म्हणाले आणि डोळे मिटले.

चेंडू टप्पा घेऊन दाराकडे वळला.

"वहिनी?"

आमच्या धंद्यात प्रयोगाच्या तोंडावर नटाला चूक दाखवत नाहीत. ऐन वेळी तो कोलमडतो. पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, झकास.

"खिडकी," मी म्हणाले.

दुसरा दाराकडे गेला. तिसराही. "खिडकी, भाऊजी. खिडकीच!"

ते मिटल्या डोळ्यांनीच हसले. "झालं तर मग," म्हणत त्यांनी चेंडू खणात टाकला. मी खरं सांगितलं असतं, तर रविवारपर्यंत ते त्या टेबलावरून उठले नसते.

रविवारी शेवटचं षटक भाऊजींकडे आलं. समोरच्यांना सहा धावा हव्या होत्या आणि त्यांचा एकच गडी उरला होता. तो आडदांड गडी चेंडू कुठेही पडो, आडवी बॅट फिरवणार. बाहेर जाणारा एक चेंडू, की तो यष्टिचीत. कप्तान स्वतः धावत आला. "आता तुझा जुना लेगस्पिन टाक. जाऊ दे बाहेर."

भाऊजींनी चेंडू काय सुंदर उंच दिला! मी प्रेक्षकांत उभीच राहिले. तो खाली आला, टप्पा घेतला आणि आत वळला. थेट त्या आडव्या बॅटच्या वाटेत. पुढे ऐकू आला तो पत्र्याच्या छपरावर आदळल्याचा आवाज.

नंतर दोन वर्षं ते मागच्या भिंतीवर चेंडू टाकत राहिले. मनगटाला लेगस्पिनचं वळण काही आठवेना. गुगली तोवर सगळ्यांनी ओळखली होती. संघातून नाव गेलं, नोकरी राहिली. निवृत्त होईपर्यंत रंगाचे डबे. त्या सामन्याबद्दल कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "बॅट्समन चांगला होता हो." त्या आडदांडाला चांगला म्हणणारे जगात तेवढे एकटेच!

गेल्या वर्षी भाऊजी अंथरुणाला खिळले. औषधं हाताशी असावीत म्हणून आम्ही पलंग त्याच खोलीत, टेबलाला लावून ठेवला. एका दुपारी मी संत्रं सोलायला घेतलं, तर त्यांनी हात पुढे केला. मी नेहमीच्या जागी जाऊन बसले. त्यांनी डोळे मिटले. संत्रं अडखळत आलं, दाराकडे वळलं आणि माझ्या हातून निसटून खाली पडलं.

"वहिनी?"

"दार, भाऊजी. त्या गुरुवारीही दारच होतं. तिन्ही वेळा."

ते डोळे न उघडताच हसले. दोन दिवसांत गेलेच. त्या दुपारी म्हणाले तेच माझ्याशी शेवटचं:

"ठाऊक होतं. हातातून सुटतानाच कळतं ते. पण तुम्ही खिडकी म्हणालात ना, फार बरं वाटलं होतं. आता ते संत्रं उचला, कुणीतरी घसरेल."